आतून लागणारी कडी

सुगंधा चेंदवणकरला एक दार हवं होतं. साधं दार. शिसवी नको, कोरीव नको, तोरणाला खिळासुद्धा नको. एक फळी, दोन बिजागऱ्या आणि आतून लागणारी कडी. एवढ्यासाठी मीरा रोडच्या शांती नगरात 'श्रीसंगम' सोसायटीची दोनदा सभा भरली, सासऱ्यांनी जेवणावर राग काढला (म्हणजे नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या), आणि शेवटी एका रविवारी दुपारी ती हरवल्याचा अर्ज तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्यापासून दोन हातांवर बसून लिहिला गेला. आपल्याकडे बाईला मागेल ते मिळतं. दागिना मिळतो, मार मिळतो, देव्हाऱ्यात जागासुद्धा मिळते. कडी मागून बघा.

याला कारण झाले एक संपादक. सुगंधाने त्यांच्या दिवाळी अंकासाठी कथा पाठवली होती. पोस्टकार्डावर उत्तर आलं: "कथा आवडली. मात्र शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो. एकदा निवांत बसून लिहून काढावा. ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत टपालात पडल्यास अंकात घेऊ."

निवांत! तिने ते कार्ड ओट्यावर असं आपटलं की मिसळणाचा डबा दचकला. उरकल्यासारखा वाटतो म्हणे. अहो, उरकलेलाच होता! कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला नायिकेने घर सोडायचं ठरवलं आणि तिसऱ्या शिट्टीला कथा संपली, कारण तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करावा लागतो. सगळ्यात जास्त संताप कशाचा आला असेल तर संपादकाचं बरोबर होतं याचा. चुकीच्या माणसावर चिडता येतं. बरोबर बोलणाऱ्यावर चिडायचं म्हणजे दुप्पट कष्ट.

पुरुषाने लिहायला घेतलं की घर चवड्यांवर चालतं. मुलांना 'श्श' होतं. चहा न मागता येतो आणि न बोलता ठेवला जातो. तो तासभर छताकडे बघत बसला तरी घरातले म्हणतात, विचार चाललाय. बाई छताकडे बघायला लागली तर म्हणतात, जळमटं दिसली वाटतं, काढून टाक. लिहिणाऱ्या बाईच्या नशिबी समीक्षेचे दोनच शब्द येतात: 'दूध बघ.' आणि दूध हा मोठा साहित्यद्रोही पदार्थ आहे. अर्धा तास गप्प बसतो आणि नेमकं वाक्य जमून येताना वर येतो.

घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसं चार. खुर्ची उत्तमची, कारण तिचा नवरा फोर्टातल्या विमा कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसून दमलेला असे. पलंग दाजींचा. दाजी म्हणजे सासरे; पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरातलं चहा खातं ते एकहाती चालवत. टेबल मुलीचं, कारण रुचिता सातवीत होती आणि सातवीचं वर्ष महत्त्वाचं असतं. (सहावीचंही होतं. आठवीचंही असणार आहे.) सुगंधाचा म्हणून फक्त ओटा होता. त्या ओट्याशी उभी राहून, रुचिताच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर, ती लिहीत असे. तिच्या हस्तलिखितांना हळदीचा वास यायचा. संपादकांना तो आवडत असावा, त्यांनी तक्रार केली नव्हती.

स्वयंपाकघरामागे एक गॅलरी होती. तीन फूट रुंद, सहा फूट लांब. त्यात पाण्याचं पिंप, रॉकेलचा डबा, मोडका टेबलफॅन आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली उत्तमची बॅडमिंटनची रॅकेट. समोर मिठागरं, वर डास. मध्ये चौकट होती, पण दार नव्हतं. बिल्डरने दार नकाशात दिलं होतं.

"त्या चौकटीला मला दार हवंय," सुगंधा म्हणाली.

"कशाला?" उत्तम पेपरातून.

"लिहायला."

"अगं, पण तुला लिहायला अडवलंय कोणी?"

हे वाक्य ज्या नवऱ्यांनी कधीच उच्चारलं नसेल त्यांचा एकदा सत्कार केला पाहिजे. सभागृह लागणार नाही, सुगंधाच्या गॅलरीत मावतील.

"अडवत कोणीच नाही," सुगंधा म्हणाली. "सगळे नुसत्या हाका मारतात."

"सूनबाई, आधण ठेवलंस का?" पलंगावरून दाजी.

"बघा!"

"बरं, बसवू दार," उत्तम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

"आणि कडी आतून हवी."

आता मात्र पेपर खाली आला. दारापर्यंत ठीक होतं. "आतून? आतून कडी लावून काय करणार तू?"

"लिहिणार."

"ते कडी न लावता नाही येत?"

"संडासात तुम्ही कडी लावता ना?"

"ते वेगळं."

"का? तिथे तुम्ही असं काय निर्माण करता?"

यानंतर दोन दिवस उत्तम कामापुरतं बोलला.

पण नुसता नवरा कबूल होऊन भागत नाही. चौकटीला दार लावायचं म्हणजे सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी गुणवंतभाई समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. सुगंधाने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: कामाचे स्वरूप, दार बसवणे. प्रयोजन, लेखन. अर्जदार, सौ. सुगंधा उत्तम चेंदवणकर. गुणवंतभाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि परत केला.

"सुगंधाबेन, ये नहीं चलेगा. आप मेंबर नहीं हो."

"मी इथेच राहते. पाच वर्षं झाली."

"रहते हो, बराबर. लेकिन मेंबर तो उत्तमभाई. आप मेंबर की वाईफ. अर्जी मेंबर की चाहिए."

म्हणजे जिना धुवायची पाळी ठरवताना ती चालत होती, गणपतीचे मोदक वळताना चालत होती, आणि पाण्याचा टँकर आला की सर्वांत आधी खाली धावणाऱ्यांत तर तीच लागत होती. दार मागताना ती वाईफ निघाली. तिने अर्जदाराचं नाव खोडून 'श्री. उत्तम' लिहिलं. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. दुसरा कागद घ्यावा लागला.

सभा खाली गाड्या लावायच्या जागेत भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाच पुरुष, एक टेबलफॅन. मागच्या फळ्यावर सभेची सूचना लावलेली, 'सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे' अशी. ती सुगंधाच्याच अक्षरातली. सोसायटीतली प्रत्येक मराठी सूचना तीच लिहीत असे, कारण बाकी कोणाला ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नव्हती. आणि बरोबर त्या सूचनेखाली बसून पाच पुरुषांनी एकमेकांना विचारलं: लेखन म्हणजे नक्की काय?

"टायपिंग क्लास असेल," एक जण म्हणाला. "मग कमर्शियल झालं."

"ट्यूशन असणार. मुलं येणार, लिफ्टची वाट लागणार." (लिफ्ट अजून बसायची होती. तिची वाट आधीच लागून तयार होती.)

"टायपिंग नाही, ट्यूशन नाही," सुगंधा उभी राहून म्हणाली. बायकांना खुर्ची नव्हती. "मी कथा लिहिते."

बाकीच्यांनी उत्तमकडे पाहिलं. घरात कोणी आजारी असल्यासारखी सहानुभूती त्या नजरेत होती.

"बेन, एक काम करो ना," गुणवंतभाई मायेने म्हणाले, "पापड लिखो. गृहउद्योग. अभी पास करता हूं. तळमजल्यावर मसाला कुटणाऱ्या बाईला दिलंय आपण."

पापड लगेच पास होतो! मसाला पास, लोणचं पास, कुरडया तर टाळ्यांच्या गजरात पास. बाईने हाताने काहीही करावं, देश पाठीशी उभा आहे. डोक्याने करायचं म्हटलं की प्रयोजन स्पष्ट करा.

"मी पापड लिहिणार नाही," सुगंधा म्हणाली. विषय पुढच्या रविवारवर गेला.

जिन्यात तिला हंसाबेनने गाठलं. हंसाबेन गुणवंतभाईंची बायको. त्यांच्याकडे फोन होता, मिक्सर होता आणि दिवसभर येणारीजाणारी पंधरा माणसं. आतापर्यंत हंसाबेनने बराच सल्ला पाजला होता. लिखने का है तो रसोई में लिखो, मंदिर में लिखो, पियर म्हणजे माहेरी जाऊन लिखो. आज तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सुगंधाबेन, अंदर से कडी... मतलब कोई आ ही नहीं सकता?"

"नाही येऊ शकत."

"हूं तो बाथरूम में बैठती हूं. नळ चालू करके. कोई बुलाता है तो सुनाई नहीं देता ना." ती हसली. "लेकिन पानी आधा घंटा आता है. तो आधा घंटा बैठती हूं."

"काय करता तिथे?"

"कुछ नहीं. बैठती हूं."

सुगंधाला हसायचं होतं. त्याऐवजी तिने हंसाबेनचा हात धरला. या अख्ख्या इमारतीत बायकांचं स्वातंत्र्य नळाच्या वेळेवर चालत होतं, आणि टँकरवाल्याने दांडी मारली तर तेही नाही.

दुसऱ्या सभेत परवानगी मिळाली. चमत्कारच. सुगंधा चार दिवस गुणवंतभाईंना आशीर्वाद देत होती. पाचव्या दिवशी उत्तमच्या शर्टाच्या खिशात मंजुरीचा कागद सापडला. 'प्रयोजन' या शब्दापुढे उत्तमच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: अडगळ ठेवणे.

"हे काय?"

"अगं, पास झालं ना? शब्दाला काय धरून बसतेस?"

शब्दाला! जी बाई शब्दांसाठी दार मागत होती तिला हा माणूस सांगत होता, शब्दाला काय धरून बसतेस. दातओठ खात तिने कणीक तिंबली. त्या दिवसाच्या पोळ्या फार मऊ झाल्याचं दाजींनी आवर्जून सांगितलं.

सुतार आला उत्तन गावचा. निकोलस मिस्त्री, साठीचा, आडव्या हाडाचा. उमेदीची वर्षं होड्या बांधण्यात गेलेली. होड्यांचं काम हलकं झालं की मीरा रोडच्या ब्लॉकांतून फळ्या ठोकत फिरायचा. शुक्रवारी त्याने माप घेतलं. शनिवारी सुगंधा टँकरच्या रांगेत उभी होती, घरी उत्तम होता. ती हंडा घेऊन वर आली तेव्हा दार बसलं होतं. असं दार मीरा रोडमध्ये कोणाकडे नव्हतं. फट नाही, कुरकुर नाही. लाटा अडवील असं दार. गॅलरीत आत उघडणारं. फक्त कडी स्वयंपाकघराच्या बाजूला होती. बाहेरून.

"मिस्त्री, कडी आतून सांगितली होती!"

"न्हाय बाय. साहेब बोलले अडगळीची खोली हाय." निकोलसने रंधा पुसला. "आमच्या होडीन खण असते म्हावरं, मासली ठेवाचं. त्याची कडी भायेरूनच. म्हावरं काय आतून कडी लावतंय?"

"मी म्हावरं नाही!"

निकोलसने तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या तीन फुटांकडे पाहिलं. "तू बसनार आतमंदी?"

"हो. लिहायला."

त्याने मान डोलावली. त्या सबंध प्रकरणात तिला कोणीही 'कशाला' न विचारल्याची ही पहिली वेळ. "मंग उलटी केली पायजे. पण आता पेच काढला त फळी फाटल. दुसरी पट्टी आनाला पायजे. सोमवारी येतो. उद्या चर्चमंदी मिसा हाय, काम न्हाय."

सोमवारी! सोमवारी कथा टपालात पडायची होती.

रविवार उजाडला. सुगंधाने सकाळी सगळ्यांना पोहे दिले, चहा दिला, दाजींना दुसरा चहा दिला, आणि दहाच्या सुमाराला, कोणाला न सांगता, वही, पेन, पाट आणि पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत शिरली. सांगितलं असतं तर कामं आठवली असती. तिने दार लोटून घेतलं. कडी नाही तर नाही.

पाच मिनिटांत दाजी स्वयंपाकघरात आले. डब्यात शेव आहे का बघायला. हे खातंही त्यांच्याकडेच. नवीन दार लोटलेलं पण कडी उघडी. चाळीस वर्षं टपालाच्या थैल्यांना लाख लावलेला माणूस. उघडी कडी त्यांना बघवली नाही. "कडी असते ती लावायला," असं दाराला समजावून त्यांनी ती लावली आणि शेव घेऊन गेले.

आत सुगंधाने खट्ट आवाज ऐकला.

तिने दार ओढून पाहिलं. बंद. तळपायाची आग मस्तकात गेली. दारावर थापा मारायला तिने हात उगारला, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

कारण थाप मारली की दार उघडणार होतं. दार उघडलं की दाजी म्हणणार होते, अरे, तू इथेच आहेस होय, मग जरा चहा टाक. आणि आत्ता? आत्ता जगातला कोणीही तिला तिथे शोधणार नव्हता, कारण बाहेरून कडी लागलेल्या अडगळीत बाई असेल असं कोणाच्या बापाच्या डोक्यात येणार नव्हतं.

तिने हात खाली घेतला. म्हणजे निवांत मिळालं ते कोंडून घातल्यावर! कोणाला सांगावं तर लोक म्हणतील, बघा, बायकांना कोंडलेलंच मानवतं. तिला स्वतःचाच राग आला, कडीचा आला, दाजींचा आला, आपल्याला बरं वाटतंय याचा तर सगळ्यात जास्त आला. मग तिने पाट ओढला, कठड्याला पाठ लावली आणि तो सगळा राग घेऊन वहीवर वाकली.

लेखणी चालली. अशी तिची लेखणी कधी चालली नव्हती. नायिका घर सोडून निघाली तेव्हा या वेळी तिला शिट्टीची घाई नव्हती. तिने जाताना घराकडे नीट बघितलं, कोपरान् कोपरा, आणि जे बघितलं ते सुगंधाने लिहिलं. अकरा वाजले. बाहेरून पहिली हाक आली, "सुगंधा!" तिने वाक्य पूर्ण केलं. दुसरी हाक आली, "सूनबाई!" परिच्छेद पूर्ण केला. गंमत अशी की दार न उघडता ऐकलेली हाक टोचत नाही. ती शेजारच्या घरातली वाटते.

साडेबाराला पोटं बोलू लागली तेव्हा घरात खरी शोधाशोध सुरू झाली.

"मच्छी आणायला गेली असेल," उत्तम.

"पिशवी इथेच आहे," रुचिता.

"चपलाही इथेच आहेत," दाजी म्हणाले. अनवाणी गेली म्हणजे प्रकरण गंभीर.

गुणवंतभाई आले. मागून हंसाबेन आली. जिन्यातली आणखी दोन माणसं नुसती ऐकायला आली आणि आत सरकली. जाड, पण प्रामाणिक लाकडाच्या त्या दारातून सुगंधाला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"कुछ बोलाचाली हुई थी?"

"नाही हो. म्हणजे... मी त्या अर्जात 'अडगळ' लिहिलं म्हणून जरा."

"लिहिणाऱ्या बायकांचं असंच," जिन्यातल्यांपैकी एकाने आपली विद्वत्ता मांडली. "आधी दार मागतात. मग घटस्फोट."

"माहेरी गेली असेल. फोन करा."

"माहेरी फोन नाही. आणि माहेर पनवेलला. अनवाणी कशी जाईल?"

सुगंधा लिहीत होती. शेवटचं पान लागलं होतं. एवढ्यात घोळक्यातला कोणीतरी त्याच दाराला टेकून उभा राहिला. दार जरा कण्हलं. त्याच्या पाठीमागे, मधे फक्त फळी ठेवून, बाई हरवली होती.

"मेरे को लगता है चौकी में अर्जी देनी चाहिए," गुणवंतभाई म्हणाले. सेक्रेटरीला कागदाशिवाय दुःखही झेपत नाही. "मराठी में. लिखो उत्तमभाई."

उत्तमने कागद घेतला. कचेरीत तो सगळं इंग्रजीत लिहायचा. 'माझी पत्नी' एवढं लिहून तो थांबला. "हरवली लिहू की बेपत्ता?"

"बेपत्ता पत्र होतं," पोस्टातले दाजी म्हणाले. "माणूस हरवतो."

"अशा वेळी वहिनीच पाहिजे होत्या," जिन्यातला माणूस हळहळला. "अक्षर काय सुंदर होतं त्यांचं!"

होतं! दाराआड सुगंधाने ओठ चावला आणि लिहीत राहिली. एकच परिच्छेद उरला होता. फक्त एक. आता काही झालं तरी बोलायचं नाही, तिने स्वतःला बजावलं.

शेवटी लिहायला रुचिता बसली. शाळेत तिचे निबंध वाचून दाखवले जात.

"वय?"

"पस्तीस. नाही, छत्तीस. सदतीस असेल."

"उंची?"

"माझ्या इथपर्यंत," उत्तमने खांद्याला हात लावला असावा.

"बाबा, असं नाही लिहीत. साडी कोणती?"

एका बाईने त्या घरात सकाळपासून तिघांना खाऊ घातलं होतं आणि तिच्या अंगावर काय होतं हे कोणालाच सांगता येईना.

"पीळी... पिवळी साडी. निळ्या काठाची," हंसाबेन म्हणाली. "सकाळी कचरा टाकायला आल्या तेव्हा मी पाहिली." परका माणूस बोलला, तेही मराठीत, म्हणजे प्रसंग मोठाच.

"व्यवसाय?" रुचिताने विचारलं. "बाबा, व्यवसाय काय लिहू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"'काही नाही' असं लिही. घरीच असते ती."

आणि सुगंधाला ऐकू आलं, मुलगी एकेक अक्षर पुटपुटत लिहीत होती. का. ही. ना. ही.

हाका चालल्या. घटस्फोट चालला. 'होतं'सुद्धा चाललं. पण आपल्या पोरीच्या वळणदार अक्षरात हे उतरत होतं, आणि ते अक्षर तिने स्वतः गिरवून घेतलं होतं. सुगंधाचा पाय तिला न विचारताच उचलला गेला आणि दारावर आपटला. पिंप हादरलं. टेबलफॅन आडवा झाला.

"खोड ते!" ती गरजली. "रुचिता, आधी खोड ते!"

बाहेर दोन किंकाळ्या झाल्या, त्यातली एक गुणवंतभाईंची. मग कडी सरकल्याचा आवाज. दार आत उघडायला लागलं. सुगंधाने खाली पाहिलं. वहीत परिच्छेद अर्धवट होता, ओळ अर्धवट होती. दार उघडलं तर संपलं. आधी रडारड, मग चौकशी, मग आधण. आणि मग तोच शेवट, उरकलेला.

तिने पाठ कठड्याला घट्ट लावली, दोन्ही पाय दारावर रोवले आणि गुडघ्यांवर वही धरली. ती गॅलरी तीन फूट रुंद बांधणाऱ्या बिल्डरचे तिने आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले. बाईच्या पाठीपासून तळपायापर्यंत बरोबर तेवढंच अंतर भरलं.

"सुगंधा! अगं, उघड!"

"थांबा. चार ओळी राहिल्यात."

"कसल्या ओळी? आम्ही इथे पोलिसात जायला निघालोय!"

"मग जाऊन या."

त्यांनी ढकललं. उत्तमने ढकललं, जिन्यातल्या दोघांनी ढकललं, गुणवंतभाईंनी सूचना देत ढकललं, दाजींनी 'आवाज का नाही दिलास' असं विचारत एक हात लावला. दार थरथरत होतं. पाय थरथरत होते. अक्षर वाकडंतिकडं येत होतं. पण येत होतं.

"कोई धक्का मत मारो!" अचानक हंसाबेनचा आवाज चढला. तो चढू शकतो हे गुणवंतभाईंनाही नवीन असावं. "बोली ना वो, चार लाइन बाकी है? खडे रहो सब. मैं बोलती हूं, खडे रहो!"

ढकलणं थांबलं. शांती नगरात, भर दुपारी, उपाशीपोटी, पाच पुरुष एका बाईचं वाक्य संपायची वाट बघत उभे राहिले. सुगंधाने घाई केली नाही. एक शब्द खोडला. दुसरा लिहिला. तोही खोडून पहिलाच परत घातला. मग पूर्णविराम दिला, पेनाला टोपण लावलं आणि पाय काढले.

दार उघडलं. ती उठून बाहेर आली तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या, पण चालली ती राणीसारखी. समोर पाच पुरुष, हंसाबेन, आणि कागद छातीशी धरून रडवेली रुचिता. सुगंधाने आधी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलीने कागद दाखवला. 'काही नाही' वर इतक्या रेघोट्या मारून खोडलं होतं की कागद फाटला होता.

"अहो, काय हे!" उत्तम म्हणाला. घाबरलेला नवरा बायकोला 'अहो' म्हणतो. "दोन वाजले. कोणी जेवलेलं नाही."

सुगंधाने ओट्याकडे पाहिलं. सकाळच्या पोह्यांच्या बश्या तिथेच, तशाच होत्या. कुकर पालथा. तांदळाचा डबा जागच्या जागी.

"दार ढकलायला पाच जण होतात," ती म्हणाली, "आणि भात लावायला एकही नाही?"

जिन्यातले दोघे जिन्यात गेले. गुणवंतभाईंना अचानक फोन ऐकू आला, जो वाजत नव्हता. हंसाबेन मात्र जाता जाता त्या गॅलरीत डोकावली, पाटावर घटकाभर टेकली, उठली आणि गेली.

उत्तमने कुकर सुलटा केला. डबा उघडला. बराच वेळ तांदळाकडे, एखाद्या परभाषेतल्या कागदाकडे बघावं तसा बघत राहिला.

"पाणी किती घालायचं?"

"तांदळाच्या दुप्पट," सुगंधा म्हणाली. वही, पेन आणि नव्या कागदांचा गठ्ठा घेऊन ती पुन्हा गॅलरीत शिरली आणि पायाने दार लोटलं. लिहून झालं होतं ते कच्चं. पक्की प्रत अजून काढायची होती.